लाल दिव्यापाशी

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या स्टेशनसमोर पादचाऱ्यांसाठी लाल दिवा होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी मी थांबले.

"अगं, चल की!" एक पाय रस्त्यात टाकून नवरा वैतागला. मी हलले नाही.

तीस वर्षांपूर्वी इथे शिकत असताना याच चौकात, असाच मोकळा रस्ता बघून मी लाल दिव्यातच पळत पलीकडे गेले होते. मागून एक म्हातारी कडाडली होती, "मुलं बघतायत! लाज नाही वाटत?" त्या दिवशी खोलीवर जाऊन मी खूप रडले. बाकी सारं गाव माझ्याशी गोड बोलायचं, पाहुण्यांशी बोलतात तसं. रागावली ती एकटीच. या गावाने मला घरात घेतलं ते त्या क्षणी, हे मला फार उशिरा कळलं.

तेवढ्यात कोटातला एक माणूस फोनवर बोलत सरळ रस्त्यात उतरला. माझ्या शेजारी दप्तर घेतलेली एक चिमुरडी उभी होती. गंजलेलं जर्मन जसं तोंडात आलं तसं मी ओरडले, "अहो, मुलं बघतायत!"

तो दचकला. त्याने माझ्या साडीकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. "माफ करा," म्हणाला आणि मुकाट्याने मागे येऊन उभा राहिला.

"कशाला लोकांच्या भानगडीत पडतेस?" नवरा कुजबुजला. "दहा दिवसांचा व्हिसा आहे आपला. पाहुणे आहोत आपण."

"पाहुणा तू," मी म्हटलं, "आणि जरा फुटपाथवर सरकून उभा राहा."