गाईचं फॅट, म्हशीच्या नावावर

“कळलं की!” असं म्हणत तो हाताचा पंजा आडवा करायचा आणि समोरच्याचं वाक्य तिथंच संपायचं. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. पण आमचा अस्सल कोल्हापुरी, त्यामुळे वाक्य तोडल्याचं शेजारच्या ऑफिसालाही कळायचं.

उचगावजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात तो सगळ्यात सीनियर प्रोग्रामर, मी टेस्टर. दूध संस्थांतली मशीनं दुधाचं फॅट मोजायची. ते आकडे बायनरीत बांधून मोबाईल नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरला पाठवायचे, ही सगळी करामत त्याची. ऑफिसात मशीन आणि सर्व्हर एकाच टेबलावर, त्यामुळे तिथं ते कधी चुकलं नाही.

मग मलकापूरकडच्या एका संस्थेच्या सचिवाचा फोन आला.

“सायेब, आमच्या एका मावशीचं फॅट मशीनवर नीट दिसतंय, पण तुमच्या कंप्युटरवर...”

“कळलं की! मशीन खराब हाय. बदलून देतो.”

मशीन बदललं. कंप्युटरवर मावशीचं फॅट कमीच येत राहिलं, आणि संस्था मानायची ती कंप्युटरला. मावशी दुधात पाणी घालते असा गावभर बोभाटा झाला. ज्यांचं फॅट वाढून येत होतं ते अर्थातच गप्प होते. शेवटी संस्थेनं तिचं दूध बंद करायचं ठरवलं, तेव्हा ती सचिवाच्या दारात बसून राहिली. “दूध घेऊ नगासा, पर चोर म्हनू नगासा.”

सचिवानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मात्र आमचा गडी मध्ये बोलला नाही. त्यानं लॅपटॉप उचलला, मला गाडीवर बसवलं आणि निघाला.

संस्थेत रांग लागली होती. सर्व्हरवर पोचणारे बाईट स्क्रीनवर लावून तो बघत बसला. गाव डोंगराच्या कुशीत, रेंज अर्धवट. एका माणसाचा संदेश कधी सलग यायचा, कधी दोन तुकड्यांत. याचा प्रोग्राम पहिल्या तुकड्यालाच पुरा संदेश समजून मोकळा व्हायचा आणि उरलेला तुकडा मागून येणाऱ्याच्या नावावर चिकटवायचा. मावशीच्या आधी रोज एक गाईवाला उभा असायचा. त्याच्या गाईचं कमी फॅट मावशीच्या म्हशीच्या नावावर चढत होतं.

“आयला,” तो म्हणाला, “ह्ये तर माझ्यावर गेलंय की!”

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याची लांबी लिहायची आणि तेवढे बाईट हातात पडेपर्यंत गुमान थांबायचं. उभ्या जन्मात कुणाचं पुरतं न ऐकलेल्या माणसानं हे लिहिलं, याची मजा आम्ही ऑफिसात पुष्कळ दिवस चघळली.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. तो रांगेसमोर उभा राहिला आणि त्याच दांडग्या आवाजात म्हणाला, “पावणं, जरा ऐका! मावशीच्या दुधात पानी न्हवतं. चूक माझ्या प्रोग्रामची हाय. म्हंजे माझीच.”

मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि कॅन पुढं सरकवला. मला त्याचा फार अभिमान वाटला. बोलून दाखवायला गेलो असतो तर त्यानं बोलू दिलं नसतं.

पुढे तो पुण्याला गेला. ऑफिसात आता सगळ्यांची वाक्यं पुरी होतात, आणि करमत नाही.

परवा मावशी आली. म्हैस व्याली होती, डब्यात खरवस होता.

“ते मोठ्यानं बोलणारं सायेब कुठं हायत?”

ते पुण्याला गेले, असं सांगून मी डब्यासाठी हात पुढं केला.

“तुमास्नी न्हाय आणल्याला,” ती म्हणाली. डबा पोटाशी धरून तिनं पुण्याची एस.टी. कुठून सुटते ते विचारून घेतलं आणि चालू पडली.