चतुर्थीपुरत्या लेन्स

कट्टा गावाहून मालवणच्या शाळेत शिकवायला जाताना बसमध्ये मी कितीतरी वर्षं तिच्या शेजारी बसत आले. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडून सोलवटलेली, आणि नाकावर जाड चष्मा. तो ती सारखा पदराने पुसायची. पुसून काही उपयोग नव्हता. तिचं बुबुळच झिजून शंकूसारखं पुढे आलं होतं. डॉक्टरांनी कडक लेन्स दिल्या होत्या, पण त्या डबीतच असायच्या.

"ह्या बोटांनी लेन्स घालूची कशी? डोळ्यांची नुसती आग होता," ती म्हणायची. "चष्म्यातसून माणूस दिसता, तोंड दिसणा नाय."

लेन्स ती फक्त चतुर्थीला घालायची. तेव्हा कारखाना बंद असायचा, बोटं जरा निवळायची, आणि मुंबईहून मुलगा यायचा. त्याचं तोंड तिला नीट बघायचं असायचं.

गेल्या चतुर्थीत ती बाजारात फुलं घेताना दिसली, बिनचष्म्याची. मी हसले. तिची नजर माझ्यावरून परक्यासारखी निघून गेली. मला रागच आला.

"काय गो, वळाखलंस नाय माका?"

आवाज ऐकून ती दचकली. जवळ आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"बाईनूं, तुमी अशे दिसतास?" मग हळूच म्हणाली, "यंदा झील मुंबयसून येवक नाय. तुमका तरी बगलंय."

सुट्टी संपली. बसमध्ये ती पुन्हा चष्म्यात होती. मी शेजारी बसले, तिच्याकडे बघून हसले, आणि मग लक्षात आलं म्हणून म्हटलं, "मीच गो."