माळवदावरचा चांद

तुपात परतलेल्या शेवयांचा वास आला की मी आजही सिरसाळ्याच्या आमच्या माळवदावर पोचते. तेव्हा गावात टीव्हीची नवी केबल आली होती, पण ईदचा चांद अजून आभाळातच शोधायचा. दिसला तर उद्या ईद, न्हाईतर आणखी एक रोजा. आम्ही लिंगायत, शेजारचे चाचा मुसलमान; पण आमचं माळवद उंच, म्हणून ते तिथंच येऊन ढगांकडं बघत होते. आणि मला दिसला! “चाचा, चांद! शपथ!” गळ्यातलं लिंग मुठीत धरून मी ओरडले. चाचा हसले, “लिंग धरून तू झूट बोलणार न्हाईस, बेटी. पण रोजे माझे हायेत, चांद मलाच दिसाया पायजे.” माझ्या बोटाच्या रोखानं ते बघत राहिले. ढग सरकला, चाचांनी असा आवाज दिला की अख्खी गल्ली बाहेर आली! आता चांद टीव्हीवर आधीच जाहीर होतो. मी मात्र स्वतः बघितल्याशिवाय कुणाला ईद मुबारक म्हणत न्हाई.