उपाशीपोटी कमरखाचा रस

सिहोऱ्याला आमच्या घरामागे, विहिरीजवळ कमरखाचं झाड आहे. फळाला पाच धारा, आडवं कापलं की चांदणी. लहानपणी मीठ-तिखट लावून एक खाल्लं की दात असे आंबायचे, की दुसऱ्याचं नाव कोणी घेत नसे.

आईचा मात्र आंबटावर भारी विश्वास. धोप्याची, म्हणजे अळूची पानं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून आमच्याकडे त्यात चिंच पडतेच. "आंबटानं खाज मरते," हे तिचं शास्त्र. जे धोप्याला वठणीवर आणतं ते माणसाचं काय वाईट करणार? शुगर निघाल्यावर कोणीतरी तिला कमरखाचा रस सांगितला आणि ती रोज सकाळी उपाशीपोटी गिलासभर पिऊ लागली. दुसरा गिलास बाबांना. त्यांना शुगर नव्हती, पण आईपुढे त्यांची डाळ कधी शिजली आहे?

पुढे फोनवर तिची उचकी ऐकू येऊ लागली.

"तूच आठवण काढून राहिली असशील वं. बंद कर आता," ती मला म्हणाली.

मी आठवण बंद केली असती तरी उचकी थांबली नसती. पाय सुजले, लघवी जवळजवळ बंद झाली. भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की या फळात ऑक्झॅलेट असतं. जेवणात, दह्याबरोबर थोडं खाल्लं तर त्यातलं बरंचसं कॅल्शियमला चिकटून पोटातूनच बाहेर पडतं. रिकाम्या पोटी मात्र ते रक्तात उतरतं, रक्तातून किडनीत जातं. तिथे त्याला कॅल्शियम भेटतं, सुईसारखे बारीक खडे होतात आणि किडनीच्या नळ्या बुजतात. उचकी फळातल्या दुसऱ्या विषाची. किडनी ते बाहेर टाकेनाशी झाली, की ते मेंदूपर्यंत चढतं.

डायलिसिस सुरू झालं. किडनी पुन्हा चालेल का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. बाबा लघवीच्या पिशवीकडे बघत बसायचे, धानाच्या बांधीत पाणी चढतं का ते बघावं तसे. एका सकाळी पिशवी भरू लागली. बाबा वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडले, "आली!" मी तर रडलेच. लघवीवर इतकं प्रेम मी जन्मात केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या, "रस तुम्हीही घेत होता ना? तुमचंही रक्त तपासू."

बाबा खाली बघत पुटपुटले, "मी नव्हतो पेत. झाडाच्या बुडाशी ओतत होतो."

मला हसू फुटलं. आई हसली नाही.

"मंग माहाबी गिलास काहून नाही ओतला जी?"

बाबांनी तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. लोक बघताहेत म्हणून ती पाय ओढू लागली, पण त्यांनी सोडले नाहीत.