मागच्या दारच्या चपला

जाऊबाई गेल्या, हा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात माझ्या घरी तांदूळ निवडत बसले होते. पूल ओलांडला की कारधा. पण मी पोचेपर्यंत त्यांना अंगणात आणलं होतं. पुढच्या अंगणात! पुरानंतर ज्या बाईनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं, ती तिथं निजलेली...

आमच्या या थोरल्या जाऊबाई म्हणजे सगळ्या गल्लीचा आधार. वैनगंगा चढून देवळाच्या पायरीला लागली की बायका त्यांच्याकडे बघायच्या. मग त्या आमच्या कापडाच्या दुकानातला कोरा खण, नारळ, हळद-कुंकू घेऊन निघायच्या, पाण्याची ओटी भरायच्या, म्हणायच्या, "माय, आता परत जाय वं." आणि पाणी उतरायचं. खरंच उतरायचं हो! तेव्हाचा पाऊस चार महिने पुरवून पडे, नदीही दमानं चढे. आता महिनाभर धानाच्या बांधीत भेगा पडतात आणि मग दोन दिवसांत आभाळ फाटतं. हे आम्हाला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं.

पुराच्या त्या वर्षी मीही अजून कारध्याच्या घरातच होते. सकाळीच भोंगा फिरला, घरं सोडा म्हणून. बायकांनी गाठोडी बांधली, तर जाऊबाई म्हणाल्या, "थांबा वं, ओटी घेतल्याबिगर माय जाते काय? भरू द्या मले." सगळ्या थांबल्या. खण वाहून गेला, पाणी काही थांबलं नाही. माणसं कशीबशी नावेतून निघाली. शेजारच्या कमलाबाईची गाभण म्हैस मात्र खुंट्यालाच गेली.

गल्लीत कोणी त्यांना तोंडावर बोललं नाही. ते आमच्या घरानं केलं. "तुह्या ओटीपायी गल्ली बुडाली," त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, एकदाच म्हणाले, बस. तेव्हापासून त्यांची ये-जा मागच्या दारानं. हळदीकुंकू बंद, बारसं बंद. मी एकदा म्हटलं, "जाऊबाई, पाऊसच बदलला, त्याले तुमी काय करान?"

"बदलला, मंगला. पण मले काहून नाही समजलं?"



सवाष्ण गेली की तिची ओटी भरतात. त्या दिवशी अंगणात पहिली पुढे आली ती कमलाबाई. ओंजळीनं तांदूळ घालता घालता तिला रडू फुटलं. "मागच्या दारानं काहून जात होतीस वं बाई? थांबलो तं आमीबी होतो!" भाऊजींनी मान खाली घातली. आम्हा घरच्यांना तोंड लपवायला जागा नव्हती. थांबलो सगळे, आणि लाज त्यांच्या एकटीच्या गळ्यात बांधली आम्ही!

परवा कारध्याला गेले. त्यांच्या चपला अजून मागच्या दाराशीच होत्या. उचलल्या, पदरानं पुसल्या आणि पुढच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवल्या. ठेवण्याआधी मात्र, गल्लीतून कोणी बघत नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे पाहून घेतलं.