मंडीदीप दोनदा मोजलं तेव्हा

आमच्या घरमालकीण काकूंनी माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगते. बाकीचं आठवलं की अजून डोकं फिरतं.

घरापासून लांब, या हिंदी बोलणाऱ्या शहरात, जवाहर चौकातल्या एका पार्सल कंपनीत मी कॉम्प्युटरवर पार्सलांचे पत्ते भरते. शहराजवळच्या मंडीदीप या कारखान्यांच्या गावाचा रिपोर्ट रोज लटकायचा आणि कारखान्यांच्या गाड्या खोळंबायच्या. सरांनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं की मीच पत्त्यांत कचरा भरते. "नौवीं में स्कूल छोड़ा, ऊपर से बाहर की. और क्या होगा?" सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरी मुलगी बघणार म्हणाले. घर इतकं लांब असलं की जीभ आपोआप आवरते.

सॉफ्टवेअरच्या इंजिनिअरने त्या रिपोर्टचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस माहिती कशी शोधतो त्याचा आराखडा, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. कोणी उघडलासुद्धा नाही. संध्याकाळी बाग सेवनियाला खोलीवर परतल्यावर मी तो काकूंना फोनवर दाखवला. काकू एका सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालेल्या. चष्मा लावून बघितलं आणि हसल्याच. अंदाज मूठभर ओळींचा, निघाल्या हजारो.

मग समजावलं. डेटाबेस आधी मोजत बसत नाही. प्रत्येक रकान्याची आकडेवारी बघून अंदाज बांधतो. गाव मंडीदीप, समजा विसांत एक पार्सल. पिनकोड मंडीदीपचा, तोही विसांत एक. दोन्ही वेगळ्या गोष्टी धरून तो गुणाकार करतो, चारशेत एक. आता गाव मंडीदीप म्हटल्यावर पिन दुसरा कुठला असणार? पण त्याला ते कळत नाही. थोड्याच ओळी येणार समजून तो एकेका पार्सलचा वेगळा शोध घेत बसतो, आणि लटकतो.

"तुझ्या पत्त्यांत काही चूक नाही गं," काकू म्हणाल्या. "हे दोन रकाने जोडीचे आहेत, एवढंच त्याला सांगायचं."

तेव्हा मला खरा राग आला. घर सोडावं लागलं म्हणूनच माझी शाळा सुटली. एकच गोष्ट ती, आणि सरांनी माझी किंमत दोनदा कापली. यंत्राला निदान सांगता तरी येतं.

काकूंनी इंजिनिअरला स्वतः फोन लावला. त्याने ती जोडी डेटाबेसला सांगितली, आकडेवारी नव्याने गोळा करवली. सोमवारी रिपोर्ट चहा यायच्या आत उघडला. सर म्हणाले, "चलो, ठीक है." माफी नाही, काही नाही. दुसरी मुलगी बघितली नाही, तेच उपकार समजायचे.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन लांबत चाललंय, कारण मुलगा परदेशात आणि जवळ बसायला कोणी नाही. काकू, तुम्ही कधीही तारीख घ्या. दवाखान्यात तुमच्या उशाशी मी असेन. सरांना काय म्हणायचं ते म्हणू देत.