चेहरा शेवटी

देझिरे क्लूतेन्सला समोर बसवून काढलेली चित्रं मोठमोठ्या घरांत लागली आहेत, एक-दोन संग्रहालयांतही आहेत. पण त्याला तोंडावरून ओळखणारं माणूस आमच्या शारबेकच्या गल्लीतसुद्धा मुश्किलीने सापडेल. याला थोडीफार मीही जबाबदार आहे. चित्रात त्याच्या तोंडासमोर आहे तो कोबी माझ्या दुकानातला. फ्लॉवर माझाच, लाल मुळ्यांची जुडीही माझीच. भाजी ताजी होती, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

देझिरे गॅसचे मीटर वाचायचा. दार उघडणारी बाई "आलात का, या" म्हणून पुन्हा चुलीकडे वळायची. हा जिन्याखाली वाकून आकडा टिपायचा आणि निघायचा. वर्षानुवर्षं घरात येणाऱ्या या माणसाचे डोळे कुठल्या रंगाचे, हे एकीलाही सांगता आलं नसतं. चेहरा वाईट नव्हता हो. पण ओल्या साबणावरून बोट घसरावं तशी नजर त्याच्यावरून घसरायची. लग्नाच्या फोटोत तर ऐन वेळी वारा आला आणि सासूच्या टोपीवरचं शहामृगाचं पीस नेमकं त्याच्या तोंडावर. त्या फोटोत त्याची बायको लेओनी आहे, सासू आहे, पीस आहे. दुसरा फोटो त्यांनी काढलाच नाही, कारण पुढे ऑक्टाव्ह भेटला आणि आता चित्रच होणार म्हणून दोघं निर्धास्त झाले.

ऑक्टाव्ह लांब्रेख्ट्स चित्रकार, त्यातून अतिवास्तववादी. अतिवास्तववाद म्हणजे काय ते त्याने मला बटाटे निवडता निवडता समजावलं होतं. स्वप्नात दिसतं ते जागेपणी, नीट शुद्धीवर राहून, हुबेहूब रंगवायचं.

"मला स्वप्नात बटाटेच दिसतात," मी म्हटलं.

"मादाम फिलो, तुम्ही आमच्या फार पुढे आहात," तो म्हणाला, आणि दोन किलो घेऊन गेला.

देझिरे मीटर वाचायला त्याच्याकडे गेला तेव्हा ऑक्टाव्ह त्याच्याकडे टक लावून बघतच राहिला. "असाच माणूस हवा होता," म्हणाला. "याच्या तोंडासमोर काहीही धरा, तेच याचं तोंड वाटतं." देझिरेला ती स्तुती वाटली. आजवर त्याची कुणी केलीच नव्हती, त्यामुळे त्याला फरक कळायचं कारण नव्हतं. मग दर रविवारी चर्चमधून आला की तो काळा सूट घालून ऑक्टाव्हकडे जायचा, खुर्चीत बसायचा आणि मिळेल ते तोंडासमोर धरायचा. कधी पाव, कधी बूट, कधी कोळशाचं घमेलं.

लेओनीचा मात्र एक समज होता. तिचे वडील घरं रंगवायचे. आधी भिंती, मग खिडक्या, आणि दर्शनी दार सगळ्यात शेवटी, नाहीतर त्याच्यावर शिंतोडे उडतात. चित्राचंही तसंच असणार हे तिने धरूनच ठेवलं. आधी कोट, मग कॉलर, मग हात, चेहरा शेवटी. तोवर शिंतोडे नकोत म्हणून समोर कोबी. दर रविवारी ती कॉलरला कडक खळ घालून त्याला पाठवायची आणि परत आला की विचारायची, "काय रे, आज चेहऱ्याला हात लावला का?"

"नाही गं. आज मुळे होते."

"असू दे. चांगल्या कामाला वेळ लागतो."

अशी कितीतरी वर्षं गेली. ऑक्टाव्हचं नाव झालं, देझिरेचे केस गेले, पण चेहऱ्याची पाळी काही आली नाही.

मग देझिरेच्या छातीने दगा दिला. डॉक्टरने जिन्यात थांबून लेओनीला खरं काय ते सांगितलं. आमच्याकडे माणूस गेलं की चर्चमध्ये ज्याच्या त्याच्या हातात एक लहान कार्ड देतात. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला गेलेल्याचा चेहरा. ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायचं, म्हणजे रविवारी पान उलटताना गाठ पडते. लेओनीच्या पुस्तकात तिचे आईवडील होते, भाऊ होता.

"देझिरेला कुठून आणू?" ती माझ्या दुकानात येऊन म्हणाली. "पीस छापू, की तुझा कोबी छापू?"

मला रडू आवरेना. एप्रन काढला आणि तिला घेऊन तडक ऑक्टाव्हकडे गेले.

"मस्यू ऑक्टाव्ह, आता चेहरा करून टाका," लेओनी म्हणाली. "मी घाई केली का कधी?"

ऑक्टाव्हने ब्रश खाली ठेवला. "मादाम, चेहरा जसाच्या तसा काढला तर माझे मित्र मला आमच्या चित्रकारांच्या गटातून काढतील. मागे एकाने मावशीचं हुबेहूब चित्र काढलं. मतदान घेऊन हाकलला त्याला."

"मावशीला नाक होतं हा गुन्हा झाला का?" मी विचारलं.

"आमच्या गटात, हो."

लेओनीच्या हातात खळ घातलेली नवी कॉलर होती, तेवढी तिने टेबलावर ठेवली. ऑक्टाव्ह कॉलरकडे बघत राहिला. मग त्याने रंगांची पेटी उचलली.

देझिरेला उश्यांना टेकवून बसवलं. सूट अंगात नुसता लोंबत होता.

"मस्यू, समोर काही धरू का?" त्याने विचारलं.

"हात खाली!" लेओनी ओरडली.

ऑक्टाव्हने आधी कोट घेतला, मग कॉलर, मग हात. "चेहरा शेवटी घेतो," तो पुटपुटला. लेओनीने माझ्याकडे असं पाहिलं की, सांगत नव्हते मी? उरलेलं रविवारी करायचं ठरलं. देझिरे शुक्रवारी गेला.

ऑक्टाव्ह धावत आला. शेजारच्या खोलीत जाऊन त्याचं तोंड बघतो म्हणाला, तर लेओनी दारात आडवी उभी राहिली. "मेलेल्याचा नको. त्यात तो नाही."

"मग मला आठवत नाही हो!" ऑक्टाव्ह खुर्चीत कोसळला. "कोबी आठवतो. पानाची शीर न् शीर आठवते."

"मी सांगते, तुम्ही काढा," लेओनी म्हणाली.

आणि ती सांगत गेली. डावी भुवई मध्ये तुटलेली, सायकलवरून पडला होता. डोळे करडे, पण हसू यायच्या आधी हिरवे होतात. खळी एकाच गालाला. लेओनीने बघितलं की कान लाल. केस दाट, पाण्याने चापूनचोपून बसवलेले, तरी मागची बट उभीच.

ऑक्टाव्हचा ब्रश थबकला. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, तशी मी त्याच्या पायावर पाय दिला. तो मुकाट्याने केस काढू लागला.

अंत्यविधीला कार्डं वाटली. उशीवर निळ्या शिरांचे म्हाताऱ्याचे हात, ढगळ काळा सूट, कडक कॉलर, आणि वर पंचविशीतला पोरगा, कान लाल झालेला. बेकरीवाली माझ्या कानाशी लागली, "यांना मुलगा होता का गं? तोही गेला?"

ऑक्टाव्हने चेहरा काढल्याची कुणकुण त्याच्या गटाला लागली होती. सगळे मागच्या बाकावर येऊन बसले होते, मतदानाच्या तयारीने. त्यांचा म्होरक्या कार्ड डोळ्यांशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

"ऑक्टाव्ह," तो शेवटी म्हणाला, "हे आपल्यापैकी कुणाला जमलं नव्हतं. याच्यापुढे कोबी म्हणजे पोरखेळ." माझ्या कोबीला कुणी पोरखेळ म्हणावं हे मला आवडलं नाही, पण चर्च होतं म्हणून गप्प बसले. मग तो लेओनीपुढे वाकला. "मादाम, इतकं विलक्षण स्वप्न मी आजवर पाहिलेलं नाही."

लेओनी गोंधळली. कुठे काही चुकलं की काय म्हणून तिने कार्ड उजेडात धरून नीट बघितलं. भुवई बघितली, खळी बघितली, बट बघितली.

"स्वप्न कसलं?" ती म्हणाली. "असाच तर दिसायचा तो. गुरुवारपर्यंत."